बंद करून चालू केलं का?

मंडळी, आमच्या धंद्यात एक रामबाण औषध आहे. काहीही बिघडलं की बंद करायचं, दहा सेकंद थांबायचं आणि चालू करायचं. बऱ्याचदा गुण येतो, त्यामुळे नक्की काय बिघडलं होतं हे शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मागच्या पावसाळ्यात हेच औषध मी मामाच्या छापखान्यात वापरलं आणि तोंडघशी पडलो. त्याची ही गोष्ट, आणि त्यानिमित्ताने थोडा इतिहास.

शुक्रवारी रात्री छपाई चालू असताना वीज गेली आणि मामाचं डिजिटल प्रेस जागच्या जागी थांबलं. शनिवारी सकाळी मी सहज चक्कर टाकली, तर मशीन चालू होऊन गरम होत होतं. पाच-सात मिनिटांनी पडद्यावर एक आकडा आला आणि खाली 'सर्व्हिसला बोलवा'. मशीनवरचे काका शांतपणे तो आकडा वहीत उतरवू लागले.

"काका, लिहिताय काय? बंद करून चालू करा की!" मी म्हणालो.

"अहो, आधी बघू तरी काय म्हणतंय," काका म्हणाले. पण घरात इंजिनियर भाचा असताना मामा काकांचं कशाला ऐकतोय! तीनदा बंद-चालू केलं. तिसऱ्या खेपेला मशीनने स्वतःला कुलूपच लावून घेतलं. आता कंपनीचा माणूस आल्याशिवाय ते उघडणार नव्हतं, आणि तो येणार सोमवारी. रविवारी एका घरी आजोबांच्या वर्षश्राद्धाला ३०० पुस्तिका द्यायच्या होत्या. मामाने त्या दुसरीकडून छापून घेतल्या, पदरचे पैसे घालून. मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं.

घरी येऊन वाचत बसलो. हे मशीन आतून करतं तरी काय?

उत्तर सापडलं २२ ऑक्टोबर १९३८ या तारखेत. न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कॉर्नाई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून त्यावर स्थिर विद्युतभार आणला. काचेवर शाईने तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' असं लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि काही सेकंद दिव्याचा उजेड पाडला. उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांखालचा राहिला. वर भुकटी टाकून फुंकर मारल्यावर भुकटी फक्त अक्षरांना चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलून गरम केली, की झाली प्रत. कार्लसन पेटंटच्या कामात होता आणि कागदांच्या नकला काढून काढून वैतागला होता, म्हणून हा उपद्व्याप!

मामाचं मशीन आजही याच पायऱ्या चढतं. भार, उजेड, भुकटी, कागद, उष्णता. गंधकाच्या जागी दुसरे पदार्थ आले, दिव्याच्या जागी लेझर आला, एवढंच.

आता गंमत बघा. मशीन बंद पडलं की या सगळ्या पायऱ्या एकदम मोडतात. भार निघून जातो. पावसाळी हवेतली ओल कागदात आणि भुकटीत शिरते, मग भुकटी नीट चिकटत नाही. वीज अचानक गेली तर कागद वाटेतच अडकून राहतो. भुकटी वितळवणारा रूळ साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो. तो थंड होतो आणि पुन्हा पहिल्यापासून तापवावा लागतो. म्हणजे आपल्यासारखा 'रिस्टार्ट' तिथे नसतोच. तिथे दर वेळी शून्यापासून संसार मांडायचा असतो, आणि प्रत्येक पायरीवर पहारेकरी बसलेला असतो.

हे पहारेकरी का नेमावे लागतात? १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं. वजन जवळजवळ ३०० किलो! आपल्याकडे 'झेरॉक्स काढून आण' म्हणतात, ते या घराण्याचं नाव. तर या ९१४ मध्ये गरम भागापाशी कागद अडकला की तो पेटायचा. कंपनी यंत्रासोबत एक छोटं अग्निशामक द्यायची, पण गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं 'स्कॉर्च एलिमिनेटर'. आग विझवणारं नव्हे, करपणं घालवणारं! हसू येतं खरं. पण 'ठरलेल्या वेळात ठरलेलं तापमान आलं नाही तर थांब' हा नियम कशासाठी असतो, ते यावरून कळावं. रूळ तापत नसेल, तर कदाचित तापमान मोजणारा भागच गेला असेल आणि रूळ प्रत्यक्षात भलताच तापत असेल. मशीनला हे कळायला मार्ग नाही. म्हणून ते धोका पत्करत नाही, कुलूप लावतं.

आणि मी ते कुलूप लागेपर्यंत त्याला छळत होतो.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आकडा काय आला होता?" काकांनी वही पुढे केली. त्याने आधी भिंतीवरच्या सॉकेटचा व्होल्टेज मोजला. वीज परत आली होती, पण कमी दाबाने. रूळ तापत होता, फक्त वेळेत नाही. मशीन धडधाकट होतं. मी तीनदा बंद-चालू करण्याऐवजी एकदा व्होल्टेज बघितला असता, तर शनिवारी दुपारीच पुस्तिका निघाल्या असत्या.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर सर्व्हर अडकला. हात सवयीने रिस्टार्टकडे गेला. थांबलो, आणि आधी लॉग उघडला. शेजारचा विचारतो, "काय झालं रे, तब्येत बरी आहे ना?"

असो. आता माझ्या टेबलावरही एक वही आहे.