इनामगाव

इनामगाव : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या उजव्या तीरावरील छोटे गाव. ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे महाराष्ट्रातील सर्वांत सविस्तर उत्खनन येथे झाले. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० किमी.

भूरचना व हवामान : घोड नदी सह्याद्रीत आंबेगाव तालुक्यात उगम पावते, मीना व कुकडी यांचे पाणी घेऊन ती पुढे भीमेला मिळते. इनामगावाच्या परिसरात ती पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची सीमा होते. सभोवती काळी जमीन, तर काठालगत गाळाची. प्रदेश पर्जन्यछायेचा असल्याने पाऊस कमी आणि बेभरवशाचा आहे. इथल्या माणसाचा सारा इतिहास नदीचे पाणी शेतापर्यंत नेण्याच्या खटपटीत आहे.

प्राचीन वस्ती : नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीचे तीन सांस्कृतिक कालखंड मानले जातात : माळवा (सु. इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. १४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (सु. १०००–७००). शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पूर्व जोर्वे काळातील घरे चौकोनी, प्रशस्त, मातीच्या बुटक्या भिंतींची व कुडाची; उत्तर काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाच दालनांचे एक घर व त्याला लागून असलेले धान्याचे कोठार यांवरून गावात प्रमुख होता असे उत्खननकर्त्यांनी मानले. कुंभार आणि इतर कारागीर वस्तीच्या कडेला राहत. सातू हे मुख्य धान्य होते. पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला सुमारे २०० मी. लांबीचा पाट आणि त्यालगतचा बांध हे या गावाचे सर्वांत मोठे सामुदायिक काम होय. त्याचा उपयोग सिंचनासाठी की पुरापासून बचावासाठी, याविषयी मतभेद आहेत. झाकण असलेल्या मातीच्या पात्रासह मिळालेली शिरोविहीन स्त्रीमूर्ती व सोबतचा बैल हेही येथील प्रसिद्ध अवशेष.

लोकसंख्या : घरांची संख्या व क्षेत्रफळ यांवरून अंदाज केले गेले, मात्र सर्व घरे एकाच वेळी नांदती नसल्याने ते सावधपणे घ्यावे लागतात. अधिक बोलका पुरावा दफनांचा आहे. अडीचशेवर दफने मिळाली आणि त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. मूल गेले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत व घोट्याखालची पावले तोडीत; यामागची समजूत निश्चित सांगता येत नाही. अपवाद चार पायांच्या रांजणात बसवलेल्या, सुमारे ४० वर्षांच्या पुरुषाचा : त्याची पावले शाबूत होती. सांगाड्यांचा अभ्यास जॉन ल्युकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला (१९८६). ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात उत्तर काळातील बालकांची खुंटलेली वाढ दाखवून दिली. महाराष्ट्राच्या प्राचीन शेतकऱ्याची उपासमार लेखी साधनांत कोठेच नाही. ती या लहानग्या हाडांतच वाचता येते, म्हणून हा संग्रह अनमोल आहे.

इ. स. पू. १००० च्या सुमारास वाढलेल्या अवर्षणामुळे शेती मागे पडून शिकार व पशुपालन वाढले आणि अखेर गाव उठले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही.

आजचे गाव : शेतीप्रधान. वरच्या बाजूस चिंचणी येथे घोड धरण. परिसरात ऊस होतो; साखर कारखाना न्हावरे येथे.