बिगुलवाल्याची सुट्टी : छावणी, वरात आणि तीन ट्रम्पेट

लीरॉय अँडरसन (१९०८–१९७५) या अमेरिकन संगीतकाराने १९५४ मध्ये तीन ट्रम्पेट आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक छोटी रचना केली. तिचे नाव 'बगलर्स हॉलिडे', म्हणजेच बिगुलवाल्याची सुट्टी. कॉन्सर्ट बँडसाठी केलेले तिचे रूपही जगभर वाजवले जाते. तीन वादक अतिशय जलद गतीने वाजवतात, बँड त्यांना साथ देतो आणि जेमतेम तीन मिनिटांत सारे संपते. रचना खेळकर आहे. मात्र तिच्या नावात इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे : बिगुलवाल्याला सुट्टी हवी होती ती कशापासून? या प्रश्नाचा विचार जबलपूर शहराच्या आधाराने करता येतो.

छावणीतील पाच स्वर

जबलपूर पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. १८१७ मध्ये ते इंग्रजांकडे गेले आणि पुढे येथे मोठी लष्करी छावणी वसली. १९०४ मध्ये तोफगाडे तयार करणारा कारखाना सुरू झाला. आजही ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रे, तसेच सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र या शहरात आहे.

छावणीचा दिवस बिगुलाने बांधलेला असतो. उठणे, जेवण, हजेरी आणि दिवे मालवणे यांसाठी वेगवेगळे इशारे ठरलेले असतात. रणांगणावर वायरलेस येण्यापूर्वी पुढे सरकण्याचा किंवा माघारीचा हुकूमही बिगुलानेच दिला जाई. अशा ठिकाणी वादकाने स्वतःच्या मनाचे काही घालून चालत नाही. इशारा ओळखता आला पाहिजे, एवढीच अपेक्षा असते.

वाद्याची रचनाही तशीच बंदिस्त आहे. बिगूल म्हणजे वळवलेली, ठरावीक लांबीची नळी. ओठांचा ताण आणि फुंकर बदलली की नळीतील हवेचा स्तंभ मूळ कंपनसंख्येच्या पूर्णांक पटींत कंप पावतो. व्यवहारात दुसऱ्या ते सहाव्या पटीपर्यंतचे पाच स्वर वापरले जातात. आपल्या सरगमात ते असे मांडता येतील : सा, प, वरचा सा, ग, प. या पट्ट्यात रे, म, ध, नि मिळतच नाहीत. म्हणून लष्करी इशारे एकमेकांच्या नात्यातले वाटतात. आपली तुतारीही याच कुळातली.

तीन कळांनी केलेला बदल

ही मर्यादा एकोणिसाव्या शतकात यंत्रज्ञानाने दूर केली. हाइन्रिख श्टोल्त्सेल या जर्मन वादकाने १८१४ च्या सुमारास कळ बसवलेले वाद्य पुढे आणले आणि १८१८ मध्ये फ्रीड्रिख ब्ल्यूमेलसह त्याचे पेटंट घेतले. १८३९ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने याने सुधारलेल्या कळेचे पेटंट घेतले. आजच्या ट्रम्पेटची कळ तिच्याच वंशातली आहे.

कळ दाबली की हवा एका जादा नळीतून फिरून जाते आणि एकूण लांबी वाढते. मधल्या कळेने लांबी सुमारे सहा टक्के वाढते व स्वर अर्ध्या पायरीने उतरतो. पहिली कळ तो दोन आणि तिसरी तीन अर्ध्या पायऱ्यांनी उतरवते. तीन कळांच्या आठ जुळण्या होतात. पहिली व मधली कळ एकत्र दाबल्यास साधारण तिसऱ्या कळेइतकाच परिणाम होतो, त्यामुळे वेगवेगळ्या लांब्या सात मिळतात. या सात लांब्यांवरच्या स्वरमाला एकत्र केल्या की मधल्या रिकाम्या जागा भरतात. पाच स्वरांचे वाद्य सगळे स्वर वाजवू लागले.

छावणीतून रस्त्यावर

भारतात हे वाद्य लष्करी बँडांबरोबर रुजले. तेथून ते संस्थानांच्या बँडांत आणि पुढे लग्नाच्या वरातीत पोहोचले. नादिर अली हे इंग्रजी फौजेतील बँडमास्तर. त्यांच्या नावाने १८८५ मध्ये मेरठला सुरू झालेल्या पेढीने या व्यवसायाला वाद्ये पुरवली. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले. त्यांपैकी अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर व्हाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांच्या ट्रम्पेटचा मोठा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पचमढी येथे लष्करी संगीताचे प्रशिक्षण सुरू झाले. तेथे वादक स्वरलेखन वाचायला आणि बँड चालवायला शिकतात. दिल्लीत दरवर्षी २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये अशा प्रशिक्षणाचे फळ दिसते.

वरातीतील वादकाची वाट मात्र निराळी आहे. हलगी, सनई वाजवणाऱ्या ज्या समाजांना गावाने कायम हलके लेखले, त्यांतील अनेकजण बँडमध्ये आले. शिक्षण वडील, काका किंवा उस्तादाकडून, बहुतेक कानाने. काम लग्नसराईपुरते. गणवेश साहेबी, पण मान वाजंत्र्याचा. सैनिकाला हुकूम अधिकाऱ्याचा, याला फर्माइश वऱ्हाडाची. शिवाय रस्त्यावरच्या गोंगाटात चाल पोहोचावी म्हणून ट्रम्पेट बहुधा एकच सुरावट मिळून वाजवतात.

सुट्टी म्हणजे काय?

आता अँडरसनकडे वळू. ट्रम्पेट म्हणजे मोठा, विजयी, लष्करी आवाज, ही समजूत त्याला मोडायची होती. १९४९ मध्ये त्याने याच वाद्यासाठी एक अंगाई लिहिली होती. 'बगलर्स हॉलिडे'मध्ये त्याने इशाऱ्यांसारखे तुटक, पुनरावृत्त स्वर घेतले आणि त्यांना कळांचे सारे स्वातंत्र्य दिले. तीन वादक बहुतांशी एकाच लयीत, पण वेगवेगळ्या स्वरांवर धावतात. इतक्या जलद गतीत जिभेला 'तु-कु, तु-कु' असा दुहेरी आघात करावा लागतो. एकाची जीभ जरा मागे पडली तरी तिघांची जुळणी विस्कटते. म्हणून प्रत्येकाचा कान उरलेल्या दोघांकडे लागलेला असतो. इशारा देणाऱ्या बिगुलवाल्याला फक्त आपले म्हणणे पोहोचवायचे असते. त्रिकुटातल्या वादकाला ऐकावेही लागते, आणि आनंद त्या ऐकण्यातून येतो.

म्हणजे या सुट्टीत शिस्त सुटत नाही, उलट ती अधिक कडक होते. बदलते ते एवढेच, की शिस्त कोणाच्या हुकमासाठी नसून संगीतासाठी असते. अशा सुट्टीला तीन गोष्टी लागतात : सर्व स्वर देणारे वाद्य, रीतसर शिक्षण आणि थांबून ऐकणारा श्रोता. लष्करी वादकाला आज या तिन्ही मिळू शकतात. वरातीतील वादकाकडे वाद्य तेच आहे. शिक्षण त्याने परवडेल तिथून, कष्टाने मिळवले आहे. तिसरी गोष्ट त्याच्या हातात नाही, ती आपल्याकडे आहे. पुढच्या वरातीत नाच क्षणभर थांबवून ट्रम्पेटवाल्यांच्या जवळ उभे राहा. सुरावट कोण उचलतो आणि कोण सावरतो, कळ कोणती दाबली जाते, ते पाहा आणि ऐका.