गहू काढणी : हार्वेस्टरवर अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा

गहू पक्व होऊन काढणीला येतो, तेव्हा उन्हाचा तडाखा आणि वारा दोन्ही वाढलेले असतात. अशा वेळी हार्वेस्टरला लागलेली छोटी आग उभ्या पिकात शिरली, तर ती आवरणे अवघड जाते. गावापर्यंत अग्निशमन बंब येण्यास वेळ लागतो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांची तयारी आपणच करावी.

आग का लागते?
- इंजिन, एक्झॉस्ट व टर्बोभोवती साचलेला कोरडा भुसा.
- वंगण न मिळाल्याने तापलेले बेअरिंग, घसरणारा पट्टा.
- डिझेल किंवा हायड्रॉलिक तेलाची गळती.
- उघडी पडलेली वायरिंग, सैल बॅटरी जोडणी.

सिलिंडर कोणता व कुठे?
- आयएसआय चिन्ह असलेला, एबीसी प्रकारचा कोरड्या पावडरचा सिलिंडर घ्यावा. काड, डिझेल व वायरिंग या तिन्ही आगींवर तो चालतो.
- हार्वेस्टरवर दोन सिलिंडर ठेवावेत. एक केबिनमध्ये, दुसरा जमिनीवर उभे राहून हात पोचेल असा शिडीजवळ.
- इंजिनालगत बसवू नये. आग तिथेच लागली, तर सिलिंडर काढता येत नाही.
- सीटमागे, अवजारांच्या पेटीखाली ठेवलेला सिलिंडर ऐनवेळी सापडत नाही. तो पटकन सुटणाऱ्या पट्ट्याच्या ब्रॅकेटमध्येच बसवावा.
- काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे रोज पाहावे. हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. सिलिंडर अधूनमधून उलटा करून हलवावा.

काढणीच्या दिवशी
- काम सुरू करण्यापूर्वी व दुपारी, इंजिन थंड झाल्यावर भुसा साफ करावा.
- वारा ज्या दिशेला वाहतो, त्या टोकाकडून काढणी सुरू करावी. आग लागल्यास ती कापलेल्या रानाकडे जाते.
- बांधावर पाण्याचा टँकर किंवा भरलेला फवारणी पंप आणि रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर तयार ठेवावा.

आग लागल्यास
१. शक्य असल्यास यंत्र उभ्या पिकातून बाहेर काढून इंजिन बंद करावे. सर्वांनी खाली उतरावे.
२. ११२ किंवा १०१ वर फोन करावा.
३. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. पिन काढून नळी आगीच्या बुडाशी धरावी, दांडा दाबून पावडर डावी-उजवीकडे फिरवावी. सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, त्यामुळे लांबून मारू नये.
४. इंजिनचे झाकण एकदम उघडू नये. हवा मिळून भडका उडतो. फटीतून पावडर मारावी.
५. डिझेलच्या आगीवर पाणी टाकू नये. पाणी काड व धसकटासाठी वापरावे.
६. एक सिलिंडर संपूनही आग वाढत असेल, तर लांब जावे आणि रोटाव्हेटरने सुरक्षित अंतरावर मातीचा पट्टा काढावा.

हार्वेस्टर बहुधा भाड्याने येतो. दर ठरवतानाच सिलिंडर कुठे आहे, हे चालकाला विचारावे आणि शेतात शिरण्यापूर्वी स्वतः पाहावे. यंत्र पुन्हा घेता येते, माणूस नाही.