रेडिओग्राफी आणि रुग्णसेवा (प्रारंभिक प्रशिक्षण)

रेडिओग्राफी आणि रुग्णसेवा हा वैद्यकीय प्रतिमांकन तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रारंभीचा विषय आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाचे चित्र घेण्याचे तंत्र आणि ते घेताना रुग्णाची घ्यावयाची काळजी यांचा त्यात समावेश होतो. भारतात हा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर (विज्ञान शाखा) साधारणतः तीन ते चार वर्षांचा असून त्याला आंतरवासितेची जोड असते. या व्यवसायाचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन करण्यासाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत केला. चित्र घेणे हे तंत्रज्ञाचे काम, तर त्याचा अर्थ लावून अहवाल देणे हे क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांचे काम होय. सामान्य बोलण्यात हा भेद बहुधा पाळला जात नाही.

पार्श्वभूमी

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण अपायकारक असू शकतात याची पुरेशी जाणीव प्रारंभी नसल्याने अनेक डॉक्टर व तंत्रज्ञांनी बोटे, हात आणि प्राणही गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १९३६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे स्मारक उभारण्यात आले.

चित्रणतंत्र

छातीचे चित्र हा या विषयातील पहिला व सर्वांत महत्त्वाचा पाठ मानता येईल. रुग्णाला छाती शोधकपट्टाला टेकवून उभे केले जाते. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे झुकवलेले असतात, जेणेकरून खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. किरण पाठीकडून सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावरून सोडले जातात. हृदय शरीराच्या पुढील भागात असल्याने या स्थितीत ते शोधकपट्टाच्या जवळ येते व त्याचा आकार जवळजवळ खरा दिसतो. खाटेवर उताण्या झोपलेल्या रुग्णाचे चित्र समोरून घेतल्यास हृदय मोठे भासते. म्हणून चित्र कोणत्या स्थितीत घेतले याची नोंद चित्रावरच करावी लागते.

चित्र पूर्ण श्वास घेतलेल्या अवस्थेत घ्यावयाचे असते. श्वास अपुरा राहिल्यास फुप्फुसांचा तळ दाट दिसतो आणि नसलेल्या रोगाचा संशय येतो. त्यामुळे रुग्णाला समजेल अशा भाषेत सूचना देणे, ऐकू कमी येत असल्यास खूण ठरवणे आणि किरण सोडण्यापूर्वी श्वास रोखण्याची एकदा तालीम करून घेणे हा तंत्राचाच भाग ठरतो. चित्र बिघडले तर ते पुन्हा घ्यावे लागते आणि त्या जादा मात्रेचा रुग्णाला काहीच लाभ होत नाही.

रुग्णाची पूर्वतयारी

‘तुम्हीच अमुक ना?’ असे न विचारता रुग्णालाच पूर्ण नाव सांगावयास लावावे, असे शिकवले जाते. घाबरलेली व्यक्ती कोणत्याही नावाला मान डोलावते. नावाबरोबर जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक पडताळला जातो. तपासावयाची बाजू चिठ्ठीवरून व रुग्णाकडूनही ताडून पाहून चित्रावर डावे-उजवे चिन्ह ठेवतात.

धातूचे दागिने व बटणे चित्रात उमटतात. खांद्यावर आलेली घट्ट वेणीदेखील फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग असल्याचा भास निर्माण करू शकते. मंगळसूत्र काढण्यास अनेक स्त्रिया नाखूश असतात. अशा वेळी कारण समजावून ते नातेवाइकांकडे सुरक्षित ठेवण्यास सांगावे. मासिक पाळी व गर्भधारणेची शक्यता यांविषयी नातेवाइकांसमोर विचारल्यास खरे उत्तर मिळेलच असे नाही, म्हणून ही चौकशी एकांतात करतात.

पाठीच्या कण्याला इजा झाल्याचा संशय असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मानेचा पट्टा काढला जात नाही व अनेकांच्या मदतीने रुग्णाला सबंध एकाच वेळी वळवतात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, तर छातीतून काढलेल्या नळीची बाटली छातीच्या पातळीखाली ठेवणे आवश्यक असते.

प्रारणसुरक्षा

कमीत कमी वेळ, जास्तीत जास्त अंतर आणि शिशाचे आवरण ही सुरक्षेची तीन साधने होत. अंतर दुप्पट केल्यास मात्रा एक चतुर्थांश होते. छातीच्या एका साध्या चित्रात रुग्णाला मिळणारी मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे अत्यल्प असते. तंत्रज्ञाचा संबंध मात्र रोजचा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) कर्मचाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. तिचे मोजमाप शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावलेल्या बिल्ल्याद्वारे होते. लहान मुलाला धरून ठेवण्याची वेळ आल्यास ते काम तंत्रज्ञाने न करता, एप्रन घातलेल्या व गरोदर नसलेल्या नातेवाइकाकडे सोपवावे, असा दंडक आहे.

जुन्या पाठ्यपुस्तकांत रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिशाचे आवरण ठेवणे सक्तीचे सांगितलेले आढळते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही नित्याची प्रथा थांबवण्याची शिफारस केली. आवरण चुकीच्या जागी आल्यास हवा तो भाग झाकला जातो व काही यंत्रांची स्वयंचलित नियंत्रणप्रणाली उलट मात्रा वाढवते. या मुद्द्यावर रुग्णालयांतील प्रघात अद्याप एकसारखा नाही.