शोकाची गोधडी : जीज बेंड, अलाबामा

१/
अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मिझुरी पेटवे या कृष्णवर्णीय स्त्रीने १९४२ साली एक गोधडी शिवली. तिच्यासाठी कापड विकत आणलेले नव्हते. नुकत्याच निवर्तलेल्या पतीचे, नॅथॅनिएलचे, शेतात वापरून विरलेले कपडे हेच तिचे मुख्य साहित्य. आज ही गोधडी अमेरिकी कलेच्या इतिहासात गणली जाते. मात्र ती शिवली गेली ती शोकापोटी.

२/
हे घडले ते जीज बेंड या वस्तीत. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेला हा भूभाग. १८१६ मध्ये जोसेफ गी याने गुलामांच्या श्रमावर येथे कापसाचा मळा उभारला. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवेकडे गेला. त्याने सुमारे १०० गुलामांना उत्तर कॅरोलिनाहून पायी चालवत येथे आणले. त्यांना धन्याचे आडनाव लागले आणि ते आजही अनेक कुटुंबांत टिकून आहे.

३/
१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन पूर्वीच्या गुलामांना मिळाली नाही. ते त्याच शेतांत वाट्याने राबू लागले आणि बी-बियाण्यांपासून धान्यापर्यंत सारे उधारीवर घेऊ लागले. १९३२ मध्ये एक सावकार-व्यापारी वारला. वसुलीसाठी त्याच्या विधवेच्या माणसांनी घरोघरी जाऊन अवजारे, जनावरे आणि साठवलेले धान्यसुद्धा उचलून नेले. त्या हिवाळ्यात वस्ती रेड क्रॉसच्या मदतीवर जगली.

४/
अशा ठिकाणी चिंधीलाही मोल असते. थंडी अडवण्यासाठी भिंतींच्या फटींवर वर्तमानपत्रे चिकटवली जात आणि अंगावर गोधड्यांचे थर घेतले जात. फाटके सदरे, विजारी, पिठाची पोती यांपैकी काहीच वाया जात नसे. गोधडी शिवण्याची विद्या आईकडून मुलीकडे जाई.

५/
मिझुरीची मुलगी आर्लोन्झिया तेव्हा किशोरवयीन होती. पतीच्या आठवणीसाठी गोधडी करायची आणि मायेने तिच्याखाली निजायचे, असे आईने ठरवल्याचे तिने अनेक दशकांनंतर सांगितले. दोघींनी मिळून कपडे उसवले, फाडले. विजारीचा पाय वर रुंद आणि खाली अरुंद. जादा भाग कापून सारख्या पट्ट्या करण्याचे काम मुलीकडे आले. वडिलांचे होते नव्हते तेवढे कपडे त्या एका गोधडीला जेमतेम पुरले.

६/
या तपशिलात शोकाची रीत दिसते. मृताची वस्तू जपून ठेवायची, तर ती पेटीत बंद राहते. येथे ती पांघरूण झाली आणि रोज रात्री ऊब देऊ लागली. पित्याला गमावलेल्या मुलीच्या हातीही काम आले. दुःख त्यामुळे नाहीसे झाले नसेल; पण ते दोघींना एकत्र बसून हाताळता आले.

७/
वस्तीची परीक्षा मात्र संपली नव्हती. येथील कृष्णवर्णीय नागरिक मतदार नोंदणीसाठी कॅम्डेन या गावी जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये नदीवरची नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले! फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन गेले. पुढच्याच वर्षी परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्यांतून उत्पन्न मिळू लागले.

८/
२००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये या गोधड्यांवर अमेरिकी टपाल तिकिटे निघाली.

९/
ही दाद योग्यच होती, पण तेवढ्याने अर्थ पुरा होत नाही. मिझुरीच्या गोधडीतील पट्ट्यांचा आकार एका माणसाच्या विजारींनी ठरवला, तिचे विटलेले रंग त्याच्या शेतातल्या दिवसांनी. आर्लोन्झिया स्वतःही नामवंत गोधडीकार झाली. तिने आठवण सांगितली नसती, तर संग्रहालयाच्या पाटीवर कापडाचा प्रकार, लांबी-रुंदी आणि साल एवढेच उरले असते. दरबारी कागदांत ज्यांची नावे बहुधा मालमत्तेच्या किंवा कर्जाच्या यादीत आली, त्यांच्या शोकाचा इतिहास वाचायचा तर वस्तू पाहावी लागते आणि ती करणाऱ्यांचे ऐकावेही लागते.