बुरूड राजाचा कोट : सोपाऱ्याच्या स्तूपाची लोकस्मृती

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेकडे निघाले की इमारतींच्या दाटीतून वाट काढीत आपण जुन्या सोपारा गावाच्या हद्दीत येतो. तेथे विटांचा एक भग्न स्तूप आहे. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात तो येतो. याच स्थानकावरून रोज मुंबईस कामाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ही जागा ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. बुद्धपौर्णिमेस उपासक-उपासिका येथे वंदनेसाठी येतात आणि परत जाताना बहुधा एकच खंत बोलून दाखवितात : येथील लोक बुद्धाला विसरले. ही खंत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करू इच्छितो.

प्रथम सोपाऱ्याचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. पालि वाङ्मयातील सुप्पारक ते हेच. उदानातील बाहिय सुत्तात बाहिय दारुचीरिय हा सुप्पारक येथे समुद्रतीरी राहत असल्याचे सांगितले आहे. आपण अर्हत आहोत की नाही, या शंकेने तो सावत्थीपर्यंत गेला आणि भिक्षाटनास निघालेल्या तथागतांना त्याने रस्त्यातच उपदेशाची विनंती केली. मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात स्थविर पुण्ण सुनापरान्त जनपदात जाण्याची अनुज्ञा मागतात. तेथील लोक उग्र आहेत. त्यांनी शिव्या दिल्या, मारले, ठार केले तर काय करशील, असे तथागत विचारतात. प्रत्येक प्रश्नाला पुण्णांचे उत्तर क्षमेचे आहे. त्याच वर्षावासात पुण्णांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका यांना धम्मात प्रतिष्ठित केले, असे सुत्त सांगते. मूळ सुत्तात सुप्पारकाचे नाव येत नाही. पुण्ण हे सुप्पारकाचे रहिवासी होते ही माहिती अट्ठकथेची आहे. सुत्त आणि अट्ठकथा यांतील हा भेद अभ्यासकाने विसरू नये.

पुढचा पुरावा शिळेवरचा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भातेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या विहारयात्रा सोडून आपण धम्मयात्रा सुरू केल्या, असे अशोक त्या लेखात सांगतो. १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे आणि गुरुजनांचा आदर करणे हेच खरे मंगल होय, हा त्या लेखाचा विषय. १९५६ हे धम्मदीक्षेचे वर्ष. त्याच वर्षी अपरान्ताच्या भूमीतून हा लेख वर यावा, हा योगायोगच, परंतु आमच्या मनाला तो स्पर्श करतो. महावंसाच्या आधारे पाहता तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात धम्मप्रचारासाठी योनक धम्मरक्खित यांना पाठविण्यात आले होते. सोपाऱ्याचे शिलालेख त्या परंपरेला बळ देतात.

कार्ले येथील चैत्यगृहात एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाचे दान कोरलेले आहे. तो धम्मुत्तरीय निकायाचा होता आणि त्याने दिलेला स्तंभ धातुगर्भ होता. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून म्हणणारा भिक्षू. जेथे भाणक घडत, ते नुसते व्यापारी बंदर नव्हते. ते धम्माच्या अध्ययनाचेही केंद्र होते.

आता स्तूपाकडे वळू. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा गावकरी त्या उंचवट्याला स्तूप म्हणत नव्हते. त्यांच्या तोंडी त्याचे नाव होते ‘बुरूड राजाचा कोट’. त्या कोटाच्या मध्यभागी, विटांनी बांधलेल्या पोकळीत, एक गोल दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या : विपस्सीपासून गोतमापर्यंतचे सात बुद्ध आणि भावी बुद्ध मेत्तेय्य. करंडकात करंडक, आणि सर्वांत आतल्या सुवर्णाच्या करंडकात मातीच्या पात्राचे बारीक तुकडे. भगवानलालांच्या मते ते तथागतांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून पूजिले गेले होते. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. नाणे सातवाहन काळातील, तर मूर्ती अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. याचा अर्थ असा की, स्तूप पुढील काळी पुन्हा उघडून त्यात नव्याने प्रतिष्ठापना झाली असावी. म्हणजे येथे उपासकांची परंपरा शतकानुशतके टिकून होती.

मग एवढी परंपरा असलेली वास्तू ‘बुरूड राजाचा कोट’ कशी झाली? पुष्कळांना हे नाव अज्ञानाचे लक्षण वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

महाराष्ट्रात भग्न बौद्ध वास्तू पांडवांच्या नावे सांगण्याची रीत जुनी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेणी ‘पांडवलेणी’ झाली, हे आपण जाणतोच. सोपाऱ्याच्या स्तूपावर मात्र लोकांनी महाकाव्यातील वीर आणून बसविला नाही. शूर्पारक हे परशुरामाचे क्षेत्र अशी ब्राह्मणी परंपरा असतानाही हा कोट परशुरामाचा ठरला नाही. लोकांनी त्याचा राजा निवडला तो बुरूड : बांबूच्या कांबी काढून टोपल्या, सुपे, रोवळ्या विणणारा, जातिव्यवस्थेने खालच्या पायरीवर ढकललेला. जेथे राजा म्हटला की क्षत्रिय कुळ शोधण्याची प्रथा, तेथे एका कष्टकरी जातीच्या माणसाला राजा मानणारी ही आठवण सामान्य नव्हे.

शिवाय ‘शूर्प’ म्हणजे सूप. गावाच्या संस्कृत नावात सूप आहे आणि लोकांच्या आठवणीत सूप विणणारा राजा आहे. गावाच्या नावावरून राजाची कथा रचली गेली असेल, किंवा स्तूपाचा पालथ्या टोपलीसारखा आकार पाहूनही ती सुचली असेल. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

येथे आणखी एक मोह टाळला पाहिजे. ‘बुरूड राजा’ या नावावरून सोपाऱ्याचे बौद्ध म्हणजे बुरूडच होते, असा निष्कर्ष उत्साहाने काढला जाऊ शकतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, इतिहासाचे दुवे तुटलेले असताना तर्काने ते जोडण्याचा अभ्यासकाचा अधिकार मांडला आहे. पण त्यांनी आपला तर्क तर्क म्हणूनच वाचकांपुढे ठेवला आणि त्यासाठी साधार युक्तिवाद केला. आपणही तेवढीच शिस्त पाळली पाहिजे. कालामांना उपदेश करताना तथागतांनी केवळ परंपरेने ऐकत आलो म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. तो उपदेश आपल्या आवडीच्या आठवणींनाही लागू आहे. मात्र परंपरा तपासावी याचा अर्थ ती फेकून द्यावी असा होत नाही.

स्तूपाची खरी उपेक्षा आम्हांस येथे दिसते. स्तूपातील धातुकरंडक व मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे, आणि विटा सोपाऱ्यात राहिल्या. वस्तूंची निदान नोंद तरी आहे. आठवणींचे काय? सोपारा हे गाव होते तेव्हा हे नाव आजीकडून नातवाकडे जात असे. आता गाव शहरात विरघळले आहे. नव्याने आलेल्यांना कोट ठाऊक नाही, आणि जुन्या घरांतील वृद्ध एकेक करून जात आहेत. विटा पुन्हा रचता येतील; बोलणारे माणूस गेले की त्याचे शब्द परत येत नाहीत.

म्हणून आमची विनंती आहे. यापुढे सोपाऱ्यास जाल तेव्हा त्रिसरण-पंचशील झाल्यावर लगेच परतू नका. आसपासच्या वृद्ध स्त्री-पुरुषांकडे बसा. मग ते कोळी असोत, आगरी, भंडारी, ख्रिस्ती वा मुसलमान असोत. या जागेला तुमच्या घरात काय म्हणत, असे विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या. त्यांना मध्येच थांबवून ‘हा कोट नव्हे, स्तूप आहे’ असे सांगू नका. ते नंतर सांगता येईल. विहारांतील तरुणांनी हे काम एका वर्षावासाच्या तीन महिन्यांत केले, तरी बरेच हाती लागेल.

पुण्ण सुनापरान्तात गेले ते उग्र म्हणविल्या जाणाऱ्या लोकांमध्ये, त्यांच्याविषयी मनात कटुता न ठेवता. आपणही ‘हे लोक विसरले’ असा ग्रह करून तेथे जाऊ नये. त्यांनी बुद्धाचे नाव जपले नाही, हे खरे. परंतु ज्या जागेखाली भिक्षापात्राचे तुकडे होते, त्या जागेवर त्यांनी सत्ताधीशाचे नव्हे, श्रमिकाचे नाव ठेवले. ती आठवण जतन करणे हेही स्तूपाच्या जतनाइतकेच आपले काम आहे.