स्टेबल आणि अनस्टेबल रिलीज म्हणजे काय? तुम्ही कोणतं वापरावं?

फोनवर 'बीटा अपडेट' घ्यायचं की थांबायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्येही अशीच निवड असते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन लिनक्सच्या उदाहरणातून ती समजून घेऊ.

डेबियनच्या तीन पायऱ्या

१. अनस्टेबल: नवं सॉफ्टवेअर आधी इथे येतं. हिचं नाव कायम 'सिड'. डेबियनमधली नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातून घेतलेली आहेत आणि सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा!

२. टेस्टिंग: काही दिवसांत गंभीर बग सापडला नाही, तर सॉफ्टवेअर इथे सरकतं.

३. स्टेबल: साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगमधले नवे बदल थांबवतात, उरलेले गंभीर बग काढतात आणि रिलीज करतात. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये.

स्टेबल म्हणजे बग नसलेलं का?

नाही. स्टेबल म्हणजे सारखं न बदलणारं. सॉफ्टवेअरचं व्हर्जन बहुधा तेच राहतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच मिळत राहतात. त्यामुळे व्हर्जन नंबर जुना दिसला म्हणजे सिस्टिम असुरक्षित, असं समजू नका.

याचा फायदा काय?

मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला. ते व्हर्जन अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचलं होतं, स्टेबल मात्र वाचलं. अनस्टेबल वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला. म्हणजे अनस्टेबल वापरणारे लोक आधी धोका पत्करतात, म्हणून बाकीच्यांचं स्टेबल सुरक्षित राहतं.

मग काय निवडायचं?

एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर कॉलेजचं प्रोजेक्ट आहे? डोळे झाकून स्टेबल घ्या. जुना लॅपटॉप पडून आहे आणि बिघडलं तर दुरुस्त करायची हौस आहे? मग अनस्टेबल वापरून बघा आणि सापडलेले बग कळवा.

एक लक्षात ठेवा: सिडवर गेल्यावर स्टेबलवर परत यायचं, तर बहुतेकदा नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. अँड्रॉइडच्या बीटामधून मध्येच बाहेर पडतानाही सहसा फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. म्हणून आधी बॅकअप, मगच प्रयोग!